खांबाच्या पलीकडचा माणूस

गंगाराम भाऊजी,

तुमच्या तेरवीला आलेली माणसं आधी तुमच्या बायकोपुढे, कांतावहिनींपुढे, थोडा वेळ बसत होती, आणि मग उठून माझ्या नवऱ्याकडे जात होती. तुमचे मोठे भाऊ तिथं होते, मेहुणे होते. त्यांना कोणी एवढं विचारलं नाही. सबस्टेशनचे ऑपरेटर, गुडीहत्नूरचा चहावाला, तांड्यावरचे म्हातारे, सगळे मांडवाच्या कोपऱ्यात देविदासजवळ. "तुमचा जोडीदार गेला," असं म्हणत त्यांचा हात हातात धरून बसत होते. मी पाण्याचे पेले घेऊन त्यांच्या मागेच उभी होते. जोडीदार हा शब्द माझ्यासाठी आहे, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

तुम्ही असता तर माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं असतं. "पंतुलम्मा तापली," म्हणाला असता. तेलुगूत मास्तरीणबाईला पंतुलम्मा म्हणतात. मराठी शाळेच्या मास्तरणीला तुम्ही मुद्दाम ते नाव दिलं आणि तुमच्या सगळ्या लाइनमन लोकांत तेच पडलं. मला ते आवडत नव्हतं, आणि आवडत नाही हे तुम्हाला चांगलं माहीत होतं.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या लग्नात. पंगत बसली होती, ह्यांच्या हातात घास होता, आणि तुम्ही मागून वाकून कानात काहीतरी बोललात. इंद्रवेल्लीकडची लाइन पडली होती. हे उठले, हात धुतले आणि नवरदेवाच्या पांढऱ्या कपड्यांतच तुमच्या गाडीवर मागे बसून निघून गेले. माझ्या ताटातली बुंदी तशीच राहिली. नंतर मी विचारलं, दुसरं कोणी जाण्यासारखं नव्हतं का? तर म्हणाले, "होते ना. पण गंग्या एकटा काऊन जाईन?" त्या पांढऱ्या सदऱ्यावर काळ्या वंगणाचे डाग पडले होते. सासरी येऊन मी पहिलं काम केलं ते तो सदरा धुण्याचं. डाग निघाले नाहीत.

तेव्हा खांबांवर उघड्या तारा होत्या. लोक त्यांच्यावर आकडे टाकून करंट घ्यायचे, वाऱ्यात तारा एकमेकींना लागून ठिणग्या उडायच्या आणि कोणाच्या तरी कडब्याची गंजी पेटायची. मग खात्यानं गावोगावच्या तारा उतरवून काळी केबल टाकायचं काढलं. त्या केबलीत सगळ्या तारा वरून मढवलेल्या आणि एकमेकींभोवती पीळ दिलेल्या. ती खांबाला टांगायला एक बोल्ट असायचा. साहेब लोक त्याला पिगटेल म्हणायचे, तुम्ही शेपटी म्हणायचात. जाड लोखंडी सळई, एका टोकाला आटे, दुसऱ्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखा पीळ. आट्याचं टोक खांबाच्या भोकातून आरपार घालायचं, मागून वायसरची चकती आणि नट लावून आवळायचं. पुढं राहिलेल्या पिळात केबलीचा क्लॅम्प अडकवायचा. एकदा वळवून घातला की वाऱ्यानं कितीही झोके दिले तरी तो आपोआप निघत नाही, माणसानंच वळवून काढावा लागतो. लाइन सरळ असेल तिथं शेपटी केबलीला नुसती टांगून धरते. लाइन वळते किंवा संपते तिथं मात्र सगळी ओढ तिच्यावर येते.

हे एका मास्तरणीला कसं माहीत? जेवताना ऐकून ऐकून. मी शाळेतलं काही सांगायला लागले की हे मान हलवत जेवायचे. माझं बोलणं संपलं की लगेच, "आज गंग्यानं काय केलं माहीत हाय का?" आणि मग एखादी शेपटी आत कशी जात नव्हती, खांबाचं भोक कसं बुजलं होतं, गंग्यानं ते कसं मोकळं केलं. भाकरी थंड व्हायची. मी मनात म्हणायचे, ह्या माणसाला माझ्या वर्गातल्या एका तरी पोराचं नाव ठाऊक आहे का?

आणि तो बोल्ट एकटा माणूसही बसवू शकतो, हेही मला माहीत आहे. दुसऱ्या गावच्या लाइनमनला मी विचारलं होतं. तो म्हणाला, पुढून घालायचा, बेल्टवर रेलून हात मागं न्यायचा आणि नट फिरवायचा, त्यात काय. तुम्ही दोघं मात्र दोन बाजूंनी चढायचात. हे पिळाच्या बाजूला, तुम्ही नटाच्या बाजूला, मधे खांब.

एकदा मी ते डोळ्यांनी पाहिलं. आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर लाइन वळते, तिथल्या खांबाचं काम होतं. तुम्ही सबस्टेशनवरून लाइन बंद करून घेतली आणि मधल्या सुट्टीतच दोघं चढलात. वळणाच्या खांबाला दोन शेपट्या लागतात, एक इकडच्या ओढीला, एक तिकडच्या. पोरं डबे घेऊन कडुनिंबाखाली बसली होती, मीही पोरांत बसले. तुम्ही बोलत नव्हतात. ह्यांनी न बघता हात खांबापलीकडे केला की त्यात पाना असायचा. ह्यांनी बोल्ट आत सारला की पलीकडून तुमचा आवाज, "हं." एवढंच. घरात मीठ मागायलाही ह्यांना वाक्य लागतं आणि मला ते दोनदा ऐकावं लागतं.

मग दुसरा बोल्ट आवळून झाला आणि तुम्ही खांबाआडून काहीतरी बोललात. हे हसले. मान मागं टाकून, बेल्टवर सगळा भार देऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. खालची पोरंही कारण नसताना हसायला लागली. असं हसणं माझ्या घरात कधी ऐकू आलं नव्हतं. संध्याकाळी मी विचारलं, काय बोलले भाऊजी? "काही नाही. असंच." पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "तुले नाही समजणार." भाऊजी, काय बोलला होता तुम्ही? त्यांना आता आठवत नाही म्हणतात. मला वाटतं आठवतं.

तुमच्या आईच्या हातच्या जेवणाची गोष्टही मला ह्यांनी सांगितली नाही, कांतावहिनींनी सांगितली. तुम्ही दोघं नोकरीला नवे होतात. तुमच्या शेतावरची मोटार बघून झाल्यावर तुम्ही ह्यांना घरी जेवायला नेलं. आईनं तुमचं ताट आत वाढलं आणि ह्यांचं बाहेर ओसरीवर, वेगळ्या जर्मनच्या थाळीत. आम्ही बौद्ध, तुम्ही कुणब्याचे. त्यात नवल नव्हतं. हे निमूट बसले. तुम्ही आतलं ताट उचलून बाहेर आणलं, ह्यांच्यासमोर मांडी घालून बसलात, आणि स्वतःचं ताट त्यांच्याकडे सारून ती जर्मनची थाळी आपल्यापुढं ओढलीत. म्हातारी दारात उभी राहून बघत होती. पुढच्या खेपेला तिनं दोन्ही ताटं आत वाढली.

ही गोष्ट ऐकली त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते आज तुम्हाला सांगते. मला तुमचा हेवा वाटला. त्या ओसरीवर माझ्या नवऱ्याला जे मिळालं ते तुम्हालाच देता येत होतं. मी कितीही जीव लावला तरी मी त्यांच्याच बाजूची. माझ्यासोबत जेवून त्यांना काय मिळणार होतं? आपल्याच घरची भाकर. तुमच्यासोबत जेवून त्यांना जे मिळालं ते मी जन्मभर रांधून वाढू शकले नसते.

तुम्ही आमच्या घरासाठी काही कमी केलं नाही. प्रज्ञा झाली तेव्हा मी माहेराहून येण्याआधीच तुम्ही आटे खराब झालेली एक शेपटी आमच्या आढ्याच्या लाकडात बसवून ठेवली होती. खांबाला निकामी, पाळण्याला पुरेशी. दोर घासून तुटू नये म्हणून तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता. मी म्हटलं होतं, बाई माणसाला विचारायचं तरी, पाळणा कुठं पाहिजे ते. तुम्ही म्हणालात, "देव्यानं सांगतलं, इथं वारा येते." बरोबर होतं. तिथंच वारा येत होता. प्रज्ञा माझ्या हातानं झोपायची नाही आणि तुम्ही येऊन दोन झोके दिले की डोळे मिटायची. त्याचाही मला राग यायचा, आता काय लपवायचं.

मग माझी बदली मावल्याच्या शाळेत झाली. आदिलाबाद शहराला लागून, प्रज्ञाला चांगली शाळा, दवाखाना जवळ. ह्यांनी फक्त तबादल्याची दरखास्त द्यायची होती. खात्यात जागा होती, मंजूर होण्यासारखी होती. पण हे रोज उद्या म्हणायचे. कापूस वेचणी संपू दे, केबलीचं काम संपू दे, पोळा होऊ दे. मी रागावले, रडले, अबोला धरला. शेवटी मी तुमच्याकडे आले. तुम्ही सबस्टेशनच्या पायरीवर पाना पुसत बसला होतात.

मी म्हटलं, "भाऊजी, त्यांना तुम्हीच सांगा. माझं ते ऐकत नाहीत."

तुम्ही पाना बाजूला ठेवलात. मग म्हणालात, "तुमाले मावल्याले राहाच लागते?"

"पोरीसाठी."

"बरं. मी सांगतो त्याले."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दरखास्त दिली. घरी येऊन मला म्हणाले, "गंग्या म्हणते जा. तर जाऊ." मला जे पाहिजे होतं ते मिळालं, आणि मी त्या दिवशी स्वयंपाकघरात उभी राहून भांडी आपटली. लग्नाच्या बायकोनं एवढे दिवस सांगितलं ते वाऱ्यावर, आणि तुम्ही एकदा सांगितलं की झालं. तुम्ही किती मोठं काही हातचं सोडत होतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. म्हणून तर जास्त राग आला. तुम्ही चांगले होतात, आणि चांगल्या माणसाचा हेवा करणाऱ्याला कोणी विचारत नाही.

शेवटचं आपण बोललो ते ह्या उन्हाळ्यात. तुम्ही कैऱ्यांची पिशवी घेऊन मावल्याला आला होतात, हे अजून ड्यूटीवरून यायचे होते. मी विचारलं, आता तुमच्यासोबत लाइनवर कोण असतं? तुम्ही म्हणालात, नवे लोक येतात, चांगले हायत. मग घराकडे इकडे तिकडे बघितलंत, प्रज्ञाची वह्या-पुस्तकं, ह्यांची खुर्ची, आणि म्हणालात, "वैनी, तुमी त्याले आणलं. पण तो आला नाही."

मी ताडकन उठून चहा ठेवायला आत गेले. काय उत्तर द्यायचं ते आधण उकळेपर्यंत मनात जुळवलं. कप घेऊन बाहेर आले तर हे दारात होते आणि तुम्ही दोघं कैऱ्यांवरून भांडत होता, आंबट कोणत्या झाडाच्या ते. माझं उत्तर तसंच राहिलं.

आज देते. आला होता, भाऊजी. पूर्ण नसेल, पण आला होता. मावल्यात आल्यावर ह्यांनी प्रज्ञाला सायकल शिकवली, तिच्यामागं धावताना पडून गुडघा फोडून घेतला. माझ्या शाळेच्या गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसले. रविवारी अंबाडीची भाजी स्वतः निवडायचे. हे तुम्ही पाहिलं नाही. तुम्ही आलात की ते तुमचेच व्हायचे, म्हणून तुम्हाला वाटलं ते कायम तसेच असतील. तुम्ही चुकलात. थोडे चुकलात. बाकीचं तुमचं खरं होतं आणि म्हणूनच मला चहा ठेवायला उठावं लागलं.

पावसाळ्यात तुम्हाला ताप आला. तुमच्या पट्ट्यात दर पावसाळ्यात येतो तसा. तुम्ही गोळी घेऊन इंद्रवेल्लीकडच्या वाड्यांवर कामाला गेलात, पुन्हा ताप, पुन्हा गोळी. आदिलाबादला आणलं तोवर तो डोक्यात गेला होता. लोक आता हळूच म्हणतात, देविदास तिकडं असता तर त्यानं ओढून दवाखान्यात नेलं असतं. माझ्यासमोर म्हणतात, आणि मग माझ्याकडे बघतात. भाऊजी, मी हे ओझं घेणार नाही. तुम्हाला बायको होती, भाऊ होते, स्वतःचे पाय होते. पोरीच्या शाळेसाठी गाव बदललं म्हणून माझ्यावर तुमचं मरण येत नाही. हे तुमच्यापुढं स्पष्ट म्हणते, कारण तुम्हीच एक असे आहात की ज्यांना हे पटेल.

दवाखान्यात तुम्ही कोणाला ओळखत नव्हतात. कांतावहिनींना नाही, भावांना नाही. दुपारी मी डबा घेऊन आले तर हे तुमच्या उशाशी बसले होते. तुम्ही डोळे मिटून मधूनमधून बोलत होतात. "वायसर टाकला का?" हे म्हणायचे, "टाकला." थोड्या वेळानं पुन्हा, "वायसर टाकला का, देव्या?" "टाकला रे." तुमची बोटं चादरीवर नट फिरवल्यासारखी फिरायची. "आवळला?" "आवळला. आता उतर तू. मी येतो." नर्स आली, सलाइन बदलून गेली. पुन्हा तोच प्रश्न आणि तितक्याच शांतपणे तेच उत्तर. मी पलंगाच्या पायथ्याशी डबा धरून उभी होते. माझ्या कोणत्याही प्रश्नाला ह्यांनी एवढ्या वेळा उत्तर दिलेलं मला आठवत नाही. तुमचा जीव चालला होता आणि मी तिथं उभी राहून हा हिशेब करत होते. काय करू, मन तसंच आहे. पण एक सांगते. शेवटी शेवटी ह्यांना रडू आवरेना, तेव्हा तुम्ही विचारलं आणि "टाकला" असं मीच म्हटलं. तुम्ही गप्प झालात. तुम्हाला चाललं माझं उत्तर.

तेरवीहून आम्ही गाडीवर परत निघालो. ऊन कलायला अजून वेळ होता. दोन्ही बाजूंना कापूस पाती-फुलांवर आला होता. गुडीहत्नूरच्या पुढं हायवेला ह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि एका सागाखाली उभे राहिले. रडत नव्हते, नुसते उभे होते. माझ्या मनात सकाळपासून जे होतं ते तिथं बाहेर आलं. मी विचारलं, "मी गेले असते तर एवढं दुःख केलं असतं का तुम्ही?"

विचारल्यावर मला लाज वाटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. असं काही विचारायचं असतं का, असंही म्हणाले नाहीत. विचार करत राहिले, खरंच विचार करत राहिले. मग म्हणाले, "तू गेली असती तर मले धराले गंग्या होता. आता गंग्या गेला, तं तूच हायस."

हे ऐकून मला वाईट वाटलं की बरं, ते अजून मला सांगता येत नाही. माझ्या मरणाच्या प्रश्नातही तुम्ही येऊन बसलातच. तुमची जागा मला मिळालेली नाही, ती मिळणारही नाही. तुमचं काम तेवढं माझ्याकडे आलं. ते मी करीन. पण जागा तुमची आहे याचा राग राहणार, तो माझ्यासोबतच जाईल.

मग ह्यांनी विचारलं, "तू जेवली का मघा?"

पंगतीत मी बसलेच नव्हते, वाढत होते. म्हटलं, "नाही."

पुढच्या धाब्यावर गाडी थांबवली. बाजेवर बसून त्यांनी माझ्यासाठी भाकर आणि वरण सांगितलं, स्वतःसाठी नुसता चहा. मी खाऊ लागले, आणि ते तुमच्याबद्दल बोलायला लागले. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. तुमची पहिली भेट, पहिलं भांडण, तुम्ही पहिल्यांदा खांबावर घाबरलात ते, तुम्ही कोणाला न सांगता कोणाकोणाच्या घरी जाऊन काय काय करून आलात ते. ट्रक येत होते, जात होते. ह्यांचा चहा थंड झाला. भाकर संपली, मी हात धुतले आणि परत येऊन त्यांच्यासमोर बसले.

सगळं ऐकलं मी, भाऊजी. मधे एकदाही उठले नाही.